तिचं तिला दिसू दे

द्वारका, दिल्ली
८ सप्टेंबर २०२४

केतकी,

सवयीनं आधी 'चि.' लिहिलं, मग तुला ते आवडणार नाही म्हणून खोडलं. तो कागद खराब झाला, हा दुसरा. फोनवर तू माझा नंबर ब्लॉक केला आहेस, तेव्हा पोस्टाशिवाय मला मार्ग नाही. फरिदाबादचा पत्ता तुझ्या आईच्या डायरीतून गुपचूप उतरवून घेतला. तिला यात ओढू नकोस.

भांडण उकरून काढायला लिहीत नाही. एका गणिताबद्दल लिहितो आहे. हसायचं असेल तर हस.

काल गणपती बसले म्हणून कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या जुन्या सदनात आरतीला गेलो होतो. नंतर कँटीनमध्ये एक मुलगी समोर येऊन बसली, शिवांगी नावाची, परभणीकडच्या सेलूची. यूपीएससीची तयारी करते. गुणवंतकाका छत्तीस वर्षं सरकारी खात्यात नकाशे काढत होते, भूमितीचं काही अडलं तर त्यांना गाठ, असं तिला कुणीतरी सांगितलेलं. तिनं वही पुढे केली. दोन रस्ते काटकोनात छेदतात. एकावरून मोटार चौकाकडे ताशी छत्तीस किलोमीटरनं येते, दुसऱ्यावरून दुचाकी अठ्ठेचाळीसनं. मोटार चौकापासून नव्वद मीटरवर असताना दुचाकी एकशेसत्तर मीटरवर आहे. दोघींमधलं कमीत कमी अंतर किती?

पोरीनं दोन पानं समीकरणांनी भरली होती आणि रडकुंडीला आली होती. मी म्हटलं, "एवढा पसारा कशाला? मोटार थांबव."

"थांबव म्हणजे, काका?"

"आपण मोटारीत बसलोय असं समज. आपल्या दृष्टीनं मोटार उभीच आहे. तिचा सगळा वेग उलटा करून दुचाकीवर घाल. आता दुचाकी एकटीच हलते, तिरक्या रेषेत. मोटारीपासून त्या रेषेवर लंब टाक. लंबाची लांबी हेच उत्तर."

छत्तीस आणि अठ्ठेचाळीस, म्हणजे आपला तीन-चार-पाचचा त्रिकोण. तीस मीटर. कागदी रुमालावर चार रेषांत काम झालं. तुलाही मी हे असंच शिकवलं होतं, आठवतं का? तू अडलीस की आई स्वयंपाकघरातून उत्तर सांगायला यायची आणि मी तिला हात करून थांबवायचो. "सांगू नकोस. तिचं तिला दिसू दे." कधी कधी मी मुद्दाम एक चूक पेरून ठेवायचो आणि तुला ती केव्हा सापडते ते बघत बसायचो. तू चिडायचीस. पण शिकवायची दुसरी रीत मला अजूनही ठाऊक नाही.

मग शिवांगीनं विचारलं, "काका, आणि दुचाकी एकशेसत्तरऐवजी एकशेवीसवर असती तर?"

मी काढून दाखवलं. एकशेवीसवर असती तर ती तिरकी रेषा थेट मोटारीतून जाते. लंब टाकायला जागाच उरत नाही. टक्कर. मी पेन्सिल खाली ठेवली आणि पुढ्यातला मोदक तसाच राहिला.

तुला कळलंच असेल. चौदा जानेवारी २०२३. दरवर्षीसारखे आपण पानिपतच्या स्मारकाला जाऊन परत येत होतो. आई गुडघ्यामुळे घरीच होती. हायवेला कोंडी म्हणून तू गाडी आतल्या रस्त्याला घातलीस. दुपारचे दोन, लख्ख ऊन, दोन्ही बाजूंना वीतभर गहू, झाड नाही, भिंत नाही. आणि डावीकडच्या रस्त्यावरून स्कूटी आली. तिच्यावरची राधा, वय एकतीस, कंबलांच्या कारखान्यात शिलाई करणारी, जागीच गेली. तू म्हणालीस, "बाबा, ती मला दिसलीच नाही." आणि मी सगळ्यांसमोर, पोलिसांसमोर म्हणालो की एवढ्या मोकळ्या रानात दिसली नाही हे कसं शक्य आहे, ही खोटं बोलते आहे. मला ती दिसताक्षणी मी ओरडलो होतो.

आता गणितापुरतं. टक्कर होणार असेल तर ती तिरकी रेषा बदलत नाही. म्हणजे मोटारीतून बघणाऱ्याला दुसरी गाडी सतत एकाच कोनात दिसते. खांब, झाडं, विहिरी काचेवरून मागे सरकत जातात आणि तेवढी एक गोष्ट काचेवर जागच्या जागी राहते, फक्त मोठी होत जाते. मला एवढंच विचारायचं आहे की काचेवर ती जागा कुठली होती. तुला आठवत असेल तर एक ओळ पाठव.

बाबा


द्वारका
२२ सप्टेंबर २०२४

केतकी,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. मग माझं मीच मोजलं.

गाडीवरचं कव्हर काढलं. पोलिसांकडून सुटून आल्यापासून ती तशीच खाली पार्किंगमध्ये उभी आहे, बॉनेटला अजून पोचा आहे. सोसायटीतले लोक येता-जाता बघत होते. तुझ्या सीटवर बसलो. सीट तुझ्या मापानं पुढे सरकवलेली होती, ती मी मागे घेतली नाही, गुडघे स्टिअरिंगला लागले तरी. तुझी उंची माझ्यापेक्षा चार इंच कमी, म्हणून खाली वाकून डोळे तुझ्या पातळीला आणले. डोळ्यांपासून डॅशबोर्डवर एक दोरा सरळ समोर ताणला, दुसरा डावीकडच्या खांबाकडे. म्हणजे पुढची काच आणि डावं दार यांच्यामध्ये छताला टेकू देणारा तो जाड खांब. कोनमापक लावला. खांब एकावन्न अंशांना सुरू होतो आणि छप्पन्नला संपतो.

तीन-चार-पाचच्या त्रिकोणातला मोठा कोन त्रेपन्न अंशांचा असतो.

पंचनाम्यात तुझा वेग पस्तीस ते चाळीस आणि स्कूटीचा पन्नासच्या आसपास असा अंदाज लिहिला आहे. शिवांगीच्या पुस्तकातले आकडे सोयीचे होते आणि आपले जवळपास तेच निघाले, यात माझी काही हुशारी नाही. तीन वेळा मोजलं. मग शाळेच्या वेळचा तुझा गुण्या कपाटातून काढून मोठ्या कागदावर प्रमाणात आकृती काढली. दर सेकंदाला तू एक टिंब, ती एक टिंब, दोन टिंबं जोडणारी रेघ. नऊ रेघा आल्या, सगळ्या एकमेकींना समांतर. नऊही रेघा त्या खांबातून जातात.

म्हणजे राधा येत होती तो सगळा वेळ ती तुझ्यापुरती त्या खांबाच्या मागे होती. तू वेग थोडा वाढवला असतास किंवा कमी केला असतास तर ती बाहेर आली असती. तू शहाण्यासारखी एका वेगानं चालवत होतीस, मीच शिकवलं होतं तसं.

तू खरं बोलत होतीस. तुला ती दिसली नाही.

हे लिहायला मला दोन दिवस लागले. मी तुला खोटारडी म्हटलं ते आईसमोर म्हटलं, तुझ्या मावशीसमोर म्हटलं, त्या सब-इन्स्पेक्टरसमोर म्हटलं. ते मी मागे घेतो. दोन वर्षं होत आली, तुझी मंत्रालयातली नेमणूक या केसपायी अडकून पडली आहे आणि तू तिथे कुठल्याशा क्लासमध्ये तासांवर शिकवतेस, हे मला माहीत आहे. आई सांगत नाही, पण फोनवर ती हळू आवाजात बोलते आणि आपली भिंत पातळ आहे.

मात्र एक गोष्ट उरतेच. मी ओरडलो होतो, आणि तू उलट बाजूला पाहिलंस. शेवटच्या क्षणी का होईना, डावीकडे मान वळवली असतीस तर खांबाच्या मागचं दिसलं असतं, ब्रेक लागला असता. तुझं म्हणणं, मी तुला उजवीकडे बघायला सांगितलं. ते मी कसं मान्य करू? माझ्या तोंडचा शब्द मला माहीत आहे.

माझ्या बाजूनं बघितलं तर खांब त्रेपन्नला येतच नाही. डाव्या सीटवरून तो अगदी जवळ, पंचवीस अंशांच्या आत. माझ्या बाजूच्या दाराची काच पूर्ण मोकळी होती. असो. तो या पत्राचा विषय नाही.

बाबा


द्वारका
२० ऑक्टोबर २०२४

केतकी,

तुझा लिफाफा मिळाला. आत चिठ्ठी नव्हती. मी पोलिसांना दिलेल्या जबाबाचीच झेरॉक्स, आणि एका ओळीखाली लाल रेघ. "मैंने चिल्लाकर कहा बाएँ देखो, पर वह दूसरी तरफ़ देखती रही." त्यातल्या 'बाएँ'खाली दोन रेघा.

राग आला. खोटं कशाला सांगू? लिफाफा टेबलावर आपटला आणि आईला म्हटलं, बघ, अजून हिचा हेका सुटत नाही. आई म्हणाली, "तुमचा सुटलाय का?" आणि भाजी निवडत बसली.

पण काल जे झालं ते सांगतो. शिवांगी घरी आली होती. आता दर शनिवारी येते, आईच्या हातचं जेवते, गणितं घेऊन बसते. जेवताना ती दिल्लीतल्या पहिल्या दिवसाची गंमत सांगायला लागली. स्टेशनवरून ऑटो केली, राजेंद्र नगरला खोली डाव्या गल्लीत, म्हणून ती ओरडली, "भैया, डावी! डावी!" आणि ऑटोवाल्यानं खुशाल उजवीकडे घातली. ही म्हणते, अहो डावी! तो म्हणतो, "दाईं ही तो ली है, मैडम!" पाऊण तास दोघं गोल गोल फिरले. आई हसली. मीही हसायला तोंड उघडलं आणि घास तसाच राहिला.

डावी. दाईं.

केतकी, मी 'बाएँ' म्हणालो नव्हतो. मी "डावी! डावी!" म्हणालो होतो.

अपघाताच्या संध्याकाळी पोलीस ठाण्यात सब-इन्स्पेक्टरनं विचारलं, "आपने क्या कहा?" मी शब्दाचा अर्थ सांगितला. अर्थ सांगितला की खरं सांगितलं असं मला वाटलं. त्यानं 'बाएँ' लिहिलं. तो शब्द त्या गाडीत कुणीच उच्चारला नव्हता. आणि तू दोन वर्षं सांगते आहेस की बाबा दाएँ म्हणाले, तेही खरंच सांगते आहेस, कारण तुझ्या कानात तेच पोचलं.

आणि हे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. तू पाच वर्षांची होतीस. सत्यनारायणाला आई म्हणाली, "डाव्या हातानं प्रसाद घेऊ नये." तू तत्परतेनं डावा हात पुढे केलास. पुन्हा सांगितलं, पुन्हा डावाच. माझा हात उठला तेव्हा तू रडत म्हणालीस, "पर दाएँ से तो मना किया ना!" सगळे पोट धरून हसले. तेव्हापासून आईनं घरात लेफ्ट-राईट सुरू केलं. शहाणी बाई. मी मात्र अडून बसलो. मराठी माणसाच्या घरात डावं-उजवंसुद्धा इंग्रजीत सांगायचं का, म्हणून तुला दहा-दहा वेळा म्हणायला लावायचो, डावा हात, उजवा हात. शांतपणे विचारलं तर तू बरोबर सांगायचीस. घाईत कधीच नाही. हे मला पुरतं ठाऊक होतं.

त्या दिवशीही स्मारकापाशी तू "हम लोग हार गए थे ना" म्हणालीस, म्हणून परतीच्या वाटेवर मी तुला मराठीवरून बोलत होतो. गाडीत शेवटची वीस मिनिटं तेच चाललं होतं. आणि मग घाईची वेळ आली आणि मी माझा शुद्ध शब्द वापरला.

त्या गणिताची रीत आठव. एकाला स्थिर धरायचं आणि त्याचा सगळा वेग उलटा करून दुसऱ्यावर घालायचा. कागदावर ते चालतं. मी दोन वर्षं घरात तेच केलं, स्वतःला स्थिर धरलं आणि सगळं तुझ्यावर घातलं.

मला क्षमा कर असं लिहिणं सोपं आहे, म्हणून लिहीत नाही. काय करता येईल ते बघतो.

बाबा


द्वारका
९ जानेवारी २०२५

केतकी,

समन्स आलं आहे. अकरा फेब्रुवारी, सरकार पक्षाचा साक्षीदार म्हणून. तुझ्याविरुद्ध प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार मी एकटाच. बाकी फोटो, पंचनामा आणि डॉक्टर. मी जबाबाप्रमाणे बोललो तर वडिलांनी सावध करूनही मुलीनं लक्ष दिलं नाही, एवढंच कोर्टापुढे राहील. तुझे वकील हेरंब पाठक यांना मी जाऊन भेटलो. तुझ्या परवानगीशिवाय भेटलो, हेही तुझ्या रागाच्या यादीत घाल.

आकृती नेली होती, गुंडाळी करून, नऊ रेघांची. त्यांनी ती टेबलावर पसरली, बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, "काका, भूमिती बिल्कुल बरोबर आहे. पण फिर्यादी पक्ष म्हणेल, खांब आड येतो तर मान हलवून बघायचं, तो ड्रायव्हरचा धर्म आहे. खांबामुळे केतकी पूर्ण सुटणार नाही. सगळं अडलंय ते तुमच्या त्या एका वाक्यावर."

मी डावीची हकिगत सांगितली. ते खुर्चीत मागे टेकले. म्हणाले, कोर्टात बोलायची तयारी आहे का? साक्ष फिरवली म्हणून सरकारी वकील तुम्हाला सोलून काढेल, आधी खोटं की आता खोटं, असं विचारेल. मी म्हटलं, छत्तीस वर्षांच्या नोकरीत माझा एक नकाशा परत आला नाही. हा आला आहे, मी दुरुस्त करून देईन.

आई तुझ्यासाठी तिळाच्या वड्या करते आहे. यंदा चौदाला मी पानिपतला जाणार नाही.

बाबा


द्वारका
१२ फेब्रुवारी २०२५

केतकी,

काल तू कोर्टात होतीस. हेरंब पाठकांच्या मागे, निळ्या शालीत. वाळली आहेस. मी आत आलो तेव्हा तू खाली बघितलंस आणि शेवटपर्यंत तशीच बसलीस, म्हणून तू काय पाहिलंस आणि काय नाही ते मला माहीत नाही. सगळं लिहितो.

खिशात एक कागद होता. त्यावर मी स्वच्छ अक्षरात लिहून नेलं होतं की 'डावी' हा मराठी शब्द, अर्थ बायाँ, उच्चार हिंदी 'दाईं'च्या जवळचा, माझी मुलगी दिल्लीत वाढलेली, वगैरे. नंबर घालून सहा मुद्दे.

सरकारी वकिलांनी विचारलं, "आपने चिल्लाकर बेटी से क्या कहा था? वही शब्द बताइए."

मी म्हणालो, "डावी. डावी."

जज्जसाहेब स्टेनोला इंग्रजीत सांगत होते. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "आय शाऊटेड, राईट, राईट." स्टेनोनं टाईप केलं. सरकारी वकील चमकून म्हणाले, "दाईं? आपने तो पुलिस को बाएँ बताया था!" दाराशी उभा असलेला शिपाईसुद्धा माझ्याकडे बघायला लागला.

चौघांनी माझा शब्द ऐकला, भर दिवसा, शांत खोलीत, आणि चौघांनाही उजवीच ऐकू आली.

माझा हात खिशाकडे गेला होता. तुला तुझा बाप माहीत आहे. सदनाच्या पाटीवरची वेलांटी चुकली तर मी मॅनेजरला शोधत जातो. उभ्या जन्मात मी कुणाचा चुकीचा शब्द कानाआड केलेला नाही. काल केला. तो कागद काढला असता तर शब्दाचा अर्थ कोर्टाला कळला असता, पण मग लिहिलं गेलं असतं 'लेफ्ट', आणि तुला काय ऐकू आलं ते पुन्हा पुसलं गेलं असतं. हात खिशातून रिकामाच बाहेर आला.

"पुलिस वाला बयान ग़लत है?" सरकारी वकिलांनी विचारलं.

"वो मेरा अनुवाद था. ग़लत अनुवाद था."

मग त्यांनी मला बराच वेळ झोडपलं. मुलीला वाचवायला बाप खोटं बोलतो आहे, या वयात तरी लाज बाळगा, वगैरे. ते तू ऐकलंसच. शेवटी टाईप केलेला कागद समोर आला, मी वाचला आणि सही केली. आता कोर्टाच्या कागदावर तुझं म्हणणं माझ्या सहीनं आहे. हेरंब म्हणाले, केस बरीच हलकी झाली. तू त्यांच्याबरोबर निघून गेलीस. मी हाक मारली नाही.

मला वाटलं, झालं. बाहेर बाकावर बसलो आणि खरं सांगतो, दोन वर्षांत पहिल्यांदा बरं वाटलं.

तेवढ्यात एक माणूस शेजारी येऊन बसला. पस्तिशीचा, अंगावर हातमागावरची जाड चादर पांघरलेली. नरसिंह, राधाचा नवरा. आत मागच्या बाकावर होता, मी ओळखलं नव्हतं. मला वाटलं आता शिव्या देईल, आणि त्या खायची माझी तयारी होती.

तो म्हणाला, "बाबूजी, वकील लोग तो अपनी-अपनी पूछते हैं. एक बात मैं पूछूँ? आपको वो कब दिखी थी?"

दोन वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. पोलिसांनी नाही, वकिलांनी नाही, तूही नाही. काय ओरडलात ते सगळ्यांनी विचारलं.

केतकी, पहिल्या पत्रात मी लिहिलं की ती दिसताक्षणी मी ओरडलो. दुसऱ्या पत्रात माझी काच मोकळी होती इथपर्यंत येऊन मी 'असो' लिहिलं. आकृतीवर नऊ टिंबं का काढली, दहा किंवा पाच का नाही, हे तुझ्या लक्षात आलं असतं, पण तू ती पाहिलीच नाहीस. नववं टिंब म्हणजे मला ती दिसली ती जागा. रस्त्याच्या कडेला विटांचा एक ढीग होता, तो ओलांडताना. परवा हेरंबच्या गाडीतून पुन्हा जाऊन टेपनं मोजलं, तिथून चौक नव्वद मीटर भरतो. ती तेव्हा एकशेवीसवर असणार. जांभळा स्वेटर, डोक्यावर ओढणी, पुढे स्कूटीला एक पिशवी. मी तिला पाहिलं, आणि दोन्ही गाड्या एकाच वेळी चौकात पोचणार हे मला कळलं. छत्तीस वर्षांचा डोळा आहे, त्याला हिशेब लागत नाही.

मी तुझ्याकडे बघितलं. मराठीवरून बोललो म्हणून तू गाल फुगवून समोर बघत होतीस. आणि मी मनात म्हणालो, सांगू नये. तिचं तिला दिसू दे.

मी मोजत होतो, केतकी. आता दिसेल, आता ब्रेक मारेल. नाही मारला तर मला बोलायला विषय मिळणार होता, रागात गाडी चालवू नये म्हणून. सात सेकंद मी तुझ्या चेहऱ्याकडे बघत बसलो. शेवटच्या दोनांत ओरडलो. तेव्हा कुठल्याही भाषेत ओरडलो असतो तरी उशीरच झाला असता की नाही, ते मी कितीदा तरी मांडून पाहिलं. लेफ्ट म्हणालो असतो तर कदाचित. सात सेकंद आधी बोललो असतो तर नक्की.

नरसिंहाला मी सांगितलं, "दूर से दिखी थी. नौ सेकंड पहले."

तो म्हणाला, "तो नौ सेकंड आप क्या कर रहे थे?"

मी म्हणालो, "बेटी का इम्तिहान ले रहा था."

मग त्यानं चादर सावरली, उठला, दोन पावलं गेला आणि परत आला. म्हणाला, "घर में दो लड़कियाँ हैं. उनको क्या बताऊँ? ये बताऊँ?" तो गेटमधून बाहेर गेला आणि बसच्या रांगेत उभा राहिला. मी अर्धा तास तिथेच होतो, त्यानं वळून पाहिलं नाही.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. मग तिनं आतून तुझ्या खोलीचं दार लावून घेतलं. आज सकाळपासून चहा मी करतो आहे.

तुझी माफी मागत नाही. काम सांगतो. हेरंबना सांग, मला पुन्हा बोलवायचा अर्ज करा. असा अर्ज करता येतो, मी विचारून घेतलं आहे. राईट लिहिलेलं आहे त्याला हात लावू नका. फक्त एक प्रश्न विचारायला सांग, जो त्या माणसानं विचारला. माझी मुलगीच मला विचारते आहे असं समजून मी उत्तर देईन. तो दिवस नरसिंहालाही कळवा, पुढच्या बाकावर बसू दे.

प्रश्न असा: आपको वो कब दिखी थी?

उत्तर मी मराठीत देणार नाही.

बाबा